बिळात हात घालायचे साडेतीनशे डॉलर

बिळात हात घालायचे माणशी साडेतीनशे डॉलर घेतात, हे सांगितल्यावर आई बराच वेळ काही बोललीच नाही. मग म्हणाली, "आपल्याकडं पोरं फुकट घालतात गो."

आई पेणहून सहा महिन्यांसाठी आमच्याकडे प्लेनोला आली होती. जून अर्धा सरला होता, तिकडे पाऊस लागला होता आणि इकडे टेक्सासच्या उन्हात तिला रोज फोनवर शेताचे फोटो येत होते. ती कंटाळली होती. पोराला सतरावं लागलं होतं आणि वाढदिवसाला त्यानं हेच मागितलं होतं. म्हणून आम्ही चौघं, म्हणजे मी, नवरा, पोरगा आणि आई, ओक्लाहोमातल्या युफॉला तलावावर हातानं मासे धरायला गेलो. त्या अर्ध्या दिवसाबद्दल हे लिहितेय. मराठीत याबद्दल मला काहीच सापडलं नाही, आणि मंडळातल्या तीन जणांनी "कसं होतं?" म्हणून विचारलं. प्रत्येकाला वेगळं सांगून दमले.

नेणाऱ्याचं नाव लिहीत नाही. पिकल्या दाढीचा एक माणूस आणि त्याचा पुतण्या, एवढाच तो धंदा. मला त्यांच्याबद्दल तक्रारीही आहेत, त्यामुळं नाव झाकलेलंच बरं. या भागात असे नेणारे पुष्कळ आहेत आणि रीत साधारण सगळ्यांची सारखीच.

आधी शब्दाचं. ओक्लाहोमात याला नूडलिंग म्हणतात. मॅगीशी काही संबंध नाही, पण माझ्या बहिणीला ते अजून पटलेलं नाही. टेनेसी, मिसिसिपीकडे ग्रॅबलिंग, मिझुरीत हॉगिंग. मासा म्हणजे फ्लॅटहेड कॅटफिश. चपटं डोकं, बारीक डोळे, मिशा, अंगावर खवलं नाही, रंग पिवळट मातकट. आपल्या शिंगटीसारखंच रूप, फक्त शिंगटी तळहातावर मावते आणि हा मांडीवर मावत नाही. गळानं पकडलेल्या सर्वांत मोठ्या फ्लॅटहेडचा विक्रम १२३ पौंडांचा आहे, कॅन्ससमधल्या एल्क सिटी तलावातला, १९९८ चा. म्हणजे जवळजवळ ५६ किलो. माझं वजन त्याहून थोडंच जास्त आहे, हे पोरानं गाडीत दोनदा सांगितलं.

मे ते जुलैमध्ये पाणी तापलं की मादी एखाद्या बिळात, ओंडक्याखाली, दगडांच्या सांदीत अंडी घालते. मग नर तिलाही हाकलतो आणि एकटा राखण करत बसतो. शेपटीनं वारा घालावा तसं पाणी हलवत राहतो, आणि आत जे येईल त्याला चावतो. भूक म्हणून नाही, घरात कोण शिरलं म्हणून. त्यामुळं आमिष लागत नाही. तुमचा हात हाच शिरणारा चोर.

बुकिंग सोपं होतं. फॉर्म भरला, अर्धे पैसे आधी दिले. तलावाचं पाणी चढलं तर तारीख बदलून मिळेल, असं लिहिलं होतं. मासेमारीचं लायसन्स आपलं आपण ऑनलाइन काढायचं. आम्ही टेक्सासचे म्हणजे बाहेरचे, त्यामुळं महाग पडलं. खरं तर टेक्सासातही हे आता चालतं, पण २०११ पर्यंत चालत नव्हतं. हातानं कॅटफिश धरताना सापडलात तर पाचशे डॉलरपर्यंत दंड होता. म्हणून जुने, मुरलेले लोक अजून ओक्लाहोमातच. तिथं पॉल्स व्हॅली नावाच्या गावात २००० सालापासून याची स्पर्धाही भरते. आमचा दाढीवाला तिथं जायचा. हल्ली गर्दी फार झाली म्हणून जात नाही म्हणाला.

सहीसाठी चार पानी कागद आला. कासव चावेल, साप असेल, बीव्हर असेल, बुडाल, आणि यांतलं काही झालं तर जबाबदारी तुमची. पोरगा मोठ्यानं वाचत होता. आईनं विचारलं, बीव्हर म्हणजे काय? मी म्हटलं, झाडं कुरतडणारी मोठी घूस. आई म्हणाली, "मग घुशीच्या बिळात हात घालायला पैसे कशाला देतेस?"

पहाटे चारला निघालो. पंचाहत्तर नंबरचा रस्ता धरून शर्मन, डेनिसन, मग रेड नदीचा पूल ओलांडून ओक्लाहोमा. डुरंट गावात चॉक्टॉ लोकांच्या राष्ट्राचं मुख्यालय आहे. तिथं चहा प्यायलो. पुढे मॅकॅलेस्टर आणि मग तलाव. पूर्णपणे ओक्लाहोमाच्या हद्दीत असलेला हा सर्वांत मोठा तलाव. कॅनेडियन नदीवर धरण बांधून १९६४ साली झालेला, एक लाख एकरांच्या वर पसरलेला. पाणी निळं असेल अशी माझी कल्पना होती. आहे चहासारखं, लालसर. आईला तेच आवडलं. पुराच्या पाण्यासारखं दिसतंय म्हणाली, आणि पहिल्यांदाच खुलली.

होडी उतरवायच्या धक्क्यावर सात वाजता पोचलो. पहिली तक्रार तिथंच. वेबसाइटवर लिहिलं होतं, "बघायला येणाऱ्यांना पैसे नाहीत." नवऱ्याला पोहता येत नाही, त्यामुळं तो आणि आई दोघं बघे. धक्क्यावर दाढीवाला म्हणाला, एक बघ्या फुकट, दुसऱ्याचे साठ डॉलर. नवरा भांडायच्या बेतात होता, पण पोराचं तोंड बघून दिले. साठ डॉलरचं काही नाही. आधी सांगायचं होतं. दुसरं, तिथं शौचालय नाही. शेवटचं मागे हायवेवरच्या पेट्रोल पंपावर, आणि हे सांगायचं कुणाला सुचत नाही कारण येणारे बहुतेक पुरुष असतात. बायकांनो, पंपावर थांबूनच पुढे जा.

होडीत सगळ्यांना लाइफ जॅकेट दिलं. पाण्यात उतरणाऱ्यांना काढायला लावलं, कारण जॅकेट घालून बुडी मारता येत नाही. त्याऐवजी कमरेला जाड पट्टा बांधला आणि बुडी मारणाऱ्याचा पट्टा कायम कुणाच्या तरी मुठीत असायचा. यात त्या दोघांनी एकदाही हयगय केली नाही, हे मुद्दाम लिहिते. अंगठ्या, बांगड्या काढायच्या, जुने बूट, जाड पँट. धनुर्वाताचं इंजेक्शन घेतलंय का, हे मात्र कुणी विचारलं नाही. विचारायला हवं होतं.

आता बिळं.

पहिलं बीळ तलावाच्या एका फाट्यात होतं, लाल मातीच्या कडेला, वडासारख्या मोठ्या झाडाच्या मुळांखाली. दाढीवाला छातीभर पाण्यात उभा राहिला. बघायचं आभाळाकडे आणि खाली पाय फिरत होता. अंधारात चप्पल शोधताना म्हातारं माणूस पाय फिरवतं ना, तसा. एका जागी थांबला, पाय आत गेला, परत आला. "आहे," म्हणाला.

पोरानं विचारलं, कसं कळलं? "कळतं." एवढंच उत्तर.

होडीतून आई म्हणाली, "आत घासलेलं लागलं असंल. इचार त्याला."

मी विचारलं, आतला तळ स्वच्छ आहे का? दाढीवाल्यानं माझ्याकडे नाही, आईकडे बघितलं. मग बोलायला लागला. बाहेर गाळ असतो, घोट्यापर्यंत पाय रुततो. नर राखण करतो त्या बिळाचा तळ मात्र घट्ट असतो, गाळ सगळा शेपटीनं झाडून टाकलेला, कडा गुळगुळीत. पायाला गाळ लागला तर बीळ रिकामं, पुढं चला. मग त्यानं विचारलं, या बाईंना कसं माहीत?

आईला माहीत असायचं कारण मुठे. आमच्याकडे शेताच्या बांधात मुठ्यांची, म्हणजे खेकड्यांची बिळं असतात. आजोबांनी आईला आणि आईनं मला शिकवलेलं: बिळाचं तोंड लिंपल्यासारखं ओलं, गुळगुळीत असेल तर मुठा घरी आहे. तोंडाशी कोरडी माती, कोळ्याचं जाळं, तर हात घालायचा नाही, दुसराच कुणी भाडेकरू असतो. हे सगळं मी इंग्रजीत सांगितलं. तेव्हापासून त्या माणसानं मला फक्त दुभाषी म्हणून वापरलं. चार तास तो आईशी बोलत होता आणि मी मध्ये उभी.

त्यामुळं माझी खरी तक्रार साठ डॉलरची नाही. हे लोक तुम्हाला मासा धरू देतात, शोधू देत नाहीत. चार तासांत तीन बिळं झाली, तिन्ही त्यांना आधीपासून माहीत होती. होडी सरळ बिळासमोर जाऊन थांबायची. गिऱ्हाइकानं उतरायचं, हात घालायचा, किंचाळायचं, फोटो काढायचा. आणि त्या माणसाची सगळी विद्या तर त्याच्या डाव्या पायात होती! मी मागे लागले तेव्हा त्यानं एका ठिकाणी मला पायानं चाचपू दिलं. दगडांच्या दोन फटी होत्या. एकीत पाय घातला तर गाळ, पिठाच्या डब्यात हात घातल्यासारखा मऊ, गार. दुसरीत वाळू होती, पण वर बारीक गाळाची साय. "या वर्षी कुणी आलं नाही. गेल्या वर्षी होता," तो म्हणाला. दोन्ही रिकामी. पण अख्ख्या दिवसात मला सर्वांत जास्त त्याच पाच मिनिटांत कळलं, आणि ती पाच मिनिटं पॅकेजमध्ये नव्हती.

धरण्याचं सांगायला हवं, कारण पैसे त्याचेच घेतात.

बिळाला बहुतेक दोन तोंडं असतात. पुतण्यानं मागच्या तोंडात दोन्ही पाय घालून ते बंद केलं. पोरगा आणि दाढीवाला माझ्या दोन बाजूंना मांड्या भिडवून उभे राहिले, म्हणजे मासा मधून सुटू नये. मला सांगितलं: बोटं जुळवून ठेव, सावकाश आत जा, तो चावला की हात ओढायचा नाही. हे शेवटचं त्यानं तीनदा सांगितलं.

श्वास घेतला, डोकं पाण्याखाली. डोळे उघडून उपयोग नाही, सगळं तांबडं. कोपर आत गेलं, मग दंड. बोटांना पाण्याची हालचाल लागली, आत कुणीतरी वळल्यासारखी. आणि मग एसटीचं दार लागलं. लहानपणी पेण-खोपोली गाडीच्या दारात माझी बोटं सापडली होती. तसंच, फक्त हे दार उघडून पुन्हा लागायला बघत होतं. मी हात ओढला. ओढायचा नसतोच, पण हाताला कोण सांगणार? वर आले तर चारही बोटांच्या पेरांवरची साल गेलेली. या माशाला कुत्र्यासारखे सुळे नसतात. जबड्याच्या कडेनं बारीक बारीक दातांचा पट्टा असतो, आत वळलेला. जाड पॉलिश पेपर. आत जाताना काही कळत नाही, बाहेर येताना सोलतो.

नवरा म्हणाला, बास झालं. आई म्हणाली, "हाताला गुंडाळ," आणि पिशवीतून तिचा फडका फेकला. जुन्या लुगड्याचा, हिरवा, ती प्रवासात कायम जवळ ठेवते. पंजापासून कोपरापर्यंत गुंडाळून तिनंच होडीच्या काठावरून वाकून गाठ मारली. मला वाटलं दाढीवाला हसेल. तो म्हणाला, इथले जुने लोक असंच करायचे. घरी येऊन शोधलं तर खरंच: या दक्षिणेकडच्या आदिवासी जमातींमध्ये राहिलेल्या एका व्यापाऱ्याचं वर्णन १७७५ साली छापलेलं आहे. त्यात लोक दंडाला लाल कापड गुंडाळून खडकाखाली बुडी मारतात, मासा कापडाला तोंड घालतो आणि ते आतून त्याला धरतात. आमचा फडका हिरवा होता. माशाला फरक पडला नाही.

दुसऱ्यांदा चावला तेव्हा मी हात पुढे ढकलला. बोटं खालच्या जबड्याच्या आत वळली, अंगठा बाहेरून. ओठ जाड, सायकलच्या टायरच्या कडेसारखा. मग तो गोल फिरला. मगर फिरते म्हणतात तसा, स्वतःभोवती, आणि माझा खांदाही त्याच्याबरोबर फिरला. कमरेचा पट्टा खेचला गेला, डोकं वर आलं, कानात आईचं ओरडणं. पुढं कुणी काय केलं मला आठवत नाही. पोरानं माशाला बाळासारखं छातीशी धरलं होतं, एवढं आठवतं. ३१ पौंड. चौदा किलो. मिशा हलत होत्या आणि तोंड माझ्याकडे उघडं, आत फिकट गुलाबी, एखादी उशी मावेल एवढं.

फोटो झाला आणि दाढीवाल्यानं मासा परत त्याच बिळात सोडला. पुतण्या तोंडाशी पाय ठेवून उभा राहिला, मासा आत स्थिर होईपर्यंत. नर जागेवर नसला की लहान मासे अंड्यांवर तुटून पडतात, म्हणून घाई.

आईला हे पटेना. "धरला नं सोडला?"

"अंडी आहेत ना आत."

"मग धरला कशाला?"

मी भाषांतर केलं. दाढीवाला हसला, टोपी काढून डोकं खाजवलं, आणि होडी सुरू केली. उत्तर दिलं नाही. मिझुरी राज्यात याच प्रश्नावरून हातानं मासे धरायला बंदी आहे. तिथं २००५ मध्ये काही नद्यांच्या पट्ट्यांत प्रयोग म्हणून परवानगी दिली होती, ती २००७ मध्ये गुंडाळली. दुसरीकडे ओक्लाहोमावाले म्हणतात, हातानं धरणारे असे कितीसे, गळवाले आणि जाळीवाले कितीतरी जास्त मासे नेतात. मी उपदेश करायच्या लायकीची नाही. पहिल्या पावसात वलगणीचे मासे शेतात चढतात तेव्हा आमचं अख्खं गाव रात्री बॅटऱ्या, टोपल्या, मच्छरदाण्या घेऊन बाहेर असायचं. ते मासे कशाला चढतात? अंडी घालायलाच. गाबोळीनं भरलेल्या माशांचं कालवण खाऊन मी मोठी झाले. फक्त आम्ही धरून सोडत नव्हतो, एवढा आईचा मुद्दा बरोबर आहे.

दुसऱ्या बिळातला मासा पुतण्याच्या पायाखालून निसटला. त्याबद्दल तक्रार नाही, उलट बरं वाटलं.

तिसरं बीळ पोराचं. मोडक्या जुन्या धक्क्याची काँक्रीटची लादी, खालून माती वाहून गेलेली, पोकळी झालेली. या वेळी दाढीवाल्यानं पाय फिरवला नाही. पुतण्या सरळ बुडी मारून गेला आणि वर आला तेव्हा त्याच्या हातात प्लायवूडचा तुकडा होता, परातीएवढा. तो त्यानं होडीत टाकला, वर ताडपत्री ओढली आणि माझी नजर चुकवली. म्हणजे मासा आदल्या दिवशीपासून कोंडलेला. "मासा हमखास" असं वेबसाइटवर मोठ्या अक्षरांत होतं, ते हमखास असं येतं तर. मी दाढीवाल्याला हळूच विचारलं. कासव आत शिरू नये म्हणून लावतो, म्हणाला. असेलही. पण पोराला जो मासा मिळाला, २२ पौंडांचा, तो एकदाच चावला आणि फारसा फिरलाही नाही. दमला होता. पोरगा पाण्यातून वर आला तेव्हा त्याचा चेहरा असा होता की मी काही बोलले नाही. तो मराठी वाचत नाही, म्हणून इथं लिहिते.

एक मासा घरी न्यायला देतात. आम्हाला तोच दिला.

धक्क्यावर एका फळीला टांगून पुतण्यानं तो दहा मिनिटांत साफ केला. गळ्याभोवती चीर दिली, पकडीनं कातडं मोजा काढावा तसं खाली ओढलं, दोन बाजूंचे लांब तुकडे काढले, पिवळी चरबी आणि मांसातला लाल पट्टा कापून टाकला. वास त्यातच असतो म्हणाला. हात सफाईदार होता. मग डोकं, काटा, पोटाकडचं मांस सगळं बादलीत टाकून तो बादली पाण्याकडे न्यायला निघाला, कासवांना. आई खुर्चीवरून अशी उठली की मला वाटलं तिला काही चावलं. "अगो डोकं! डोकं कुठं नेतंय!"

डोकं परत मिळालं. ताटलीएवढं रुंद. दाढीवाल्यानं स्वतः ते बर्फाच्या पिशवीत घातलं आणि दोन्ही हातांनी आईच्या हातात दिलं. तिची आजी पण डोकं शिजवायची का, असं काहीतरी विचारत होता. आईनं न समजता मान हलवली.

घरी अंगाचा बुळबुळीतपणा जाईपर्यंत मीठ आणि चिंच लावून दोनदा चोळलं. ठेचलेला लसूण, पेणहून आणलेला आगरी मसाला, चिंचेचा कोळ, बास. डोक्याचं कालवण आणि बाजूच्या तुकड्या तांदळाच्या पिठात घोळवून तव्यावर. मांस पांढरं, घट्ट, काटा नाही म्हटलं तरी चालेल. चिखलाचा वास येईल अशी भीती होती, तो आला नाही. फ्लॅटहेड बहुतेक जिवंत मासेच खातो, तळाचं कुजकं नाही, हे कारण असावं. दुकानातल्या शेतीच्या कॅटफिशपेक्षा कितीतरी सरस. आईनं गालाचं मांस काढून खाल्लं, विचार केला आणि म्हणाली, "शिंगाळ्यासारखा हाय. पन खारं पाणी नाय लागलेलं त्याला." पुन्हा वाढून घेतलं. एक सांगायचं राहिलं: मोठ्या शिकारी माशांत पारा साठतो आणि ओक्लाहोमाच्या काही तलावांतल्या माशांबद्दल किती खावेत याच्या सरकारी सूचना आहेत. लहान मुलं किंवा गरोदर बाई घरात असेल तर आधी तलावाचं नाव घालून बघा.

माझा हात चार दिवस सुजलेला होता. मनगटापासून कोपरापर्यंत लाल ओरखडे, खांद्यात लचक. त्यांच्याकडे प्रथमोपचार म्हणजे पेरॉक्साइडची बाटली आणि डक्ट टेप. भाकरी थापता येईना, त्यामुळं आईनं थापल्या. ऑफिसात मॅनेजरनं विचारलं, मांजर पाळलंय का? मी हो म्हटलं.

हिशेब: दोघांचे सातशे, बघ्याचे साठ, दोन लायसन्सं, बक्षिसी शंभर, पेट्रोल वेगळं. पाचपैकी तीन तारे देते. पट्टा धरणाऱ्या मुठीसाठी आणि डाव्या पायासाठी ते तीन. प्लायवूड नसतं तर चार दिले असते.

जाणार असाल तर बुक करताना दोन गोष्टी विचारा. बिळं आधी बंद करून ठेवता का? आणि अर्धा तास तरी आम्हाला शोधू द्याल का, मासा नाही मिळाला तरी चालेल? दुसऱ्या प्रश्नाला आमच्या दाढीवाल्यानं नंतर फोनवर हो म्हटलं, पण अट घातली की त्या बाईंना घेऊन यायचं. त्या बाई ऑक्टोबरात पेणला गेल्या. धक्क्यावर पोचल्या पोचल्याच सांगून ठेवा, डोकं फेकू नका. नाहीतर ते कासवांना जातं.